टॅब म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

शेजारच्या वहिनींनी २०२० च्या पावसाळ्यात टॅब घेतला, तेव्हा त्यांचा मुलगा चौथीत होता. शाळा घरी आली होती. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो दादांबरोबर कामावर जायचा. काशीगावातल्या आमच्या इमारतीत त्या वर्षी निदान सात-आठ घरांत असे टॅब आले. तो मुलगा आता दहावीत गेला, टॅब मात्र तोच आहे. मध्यंतरी वहिनी तो माझ्याकडे घेऊन आल्या. कव्हरची शिवण उसवलेली, कोपऱ्यात चौथीतलं एक स्टिकर अजून चिकटलेलं.

"भावजी, हा ॲप उघडायलाच दोन मिनिटं घेतो," त्या म्हणाल्या. "पंचवीस टक्के बॅटरी दाखवतो आणि पटकन बंद पडतो. दुकानवाला म्हणतो, यात आता काही राहिलं नाही, नवीनच घ्या. घेऊ का?"

हा प्रश्न आज हजारो घरांत आहे, कारण त्या एका वर्षात घेतलेले टॅब आता एकदमच थकायला लागलेत. आणि प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मिक्सर जुना झाला की पातं बोथट होतं. पंख्याचं बेअरिंग आवाज करू लागतं, सायकलची चेन सैल पडते. या वस्तूंत काहीतरी फिरतं, घासतं, म्हणून झिजतं. टॅबमध्ये फिरणारा असा भाग नसतो. त्यातली चिप सहा वर्षांपूर्वी सेकंदाला जेवढी आकडेमोड करू शकत होती, जवळपास तेवढीच आजही करू शकते. मग थकलं कोण? हे कळलं की 'नवीन घेऊ का' याचं उत्तरही सापडतं.

कुकर जुना, की गॅस्केट?

कुकरच्या कडेने वाफ निघायला लागली, तर आपण कुकर भंगारात देत नाही. आधी गॅस्केट बघतो, मग शिट्टी, मग सेफ्टी वॉल्व्ह. भांडं वीस-वीस वर्षं टिकतं, गॅस्केट मात्र अधूनमधून बदलावंच लागतं. एका वस्तूच्या पोटात वेगवेगळ्या आयुष्याचे भाग असतात, हे स्वयंपाकघरात आपल्याला नीट ठाऊक असतं. टॅब हातात आला की नेमकं तेच विसरायला होतं.

टॅबचं वय ठरवणाऱ्या गोष्टी चार. बॅटरी आणि साठवणीची चिप या दोन खरोखर झिजतात. तिसरी रॅम. ती झिजत नाही, पण अपुरी पडू लागते. चौथं सॉफ्टवेअर, आणि त्याची मुदत कंपनीने ठरवलेली असते. शिवाय एक संशयित टॅबच्या बाहेरच असतो, तो म्हणजे घरातलं वायफाय. एकेकाला तपासू या.

बॅटरी: मीरा रोड ते चर्चगेट

टॅबमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. अशा बॅटऱ्या १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आल्या, आणि त्यांच्या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळालं. तिचं काम आपल्या लोकलसारखं चालतं. बॅटरीला दोन टोकं असतात आणि मधे एक द्रव असतो. आपण चार्जिंगला लावतो तेव्हा लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला असलेल्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. सकाळी मीरा रोडहून निघालेली माणसं चर्चगेटच्या कचेऱ्यांत मजल्यामजल्यांवर जाऊन बसतात, तशी. आपण टॅब वापरतो तेव्हा हीच मंडळी परतीच्या प्रवासाला लागतात, आणि या परतीच्या वर्दळीतूनच आपल्याला वीज मिळते.

अडचण अशी, की प्रत्येक फेरीत थोडे आयन परत येत नाहीत. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ साय धरते. ही साय गरजेची असते, कारण ती आतल्या द्रवाला आणखी बिघडू देत नाही. पण ती लिथियम खाऊनच तयार होते आणि आयुष्यभर हळूहळू जाड होत राहते. टँकरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो, तसं हे. थर जाड झाला की दोन परिणाम होतात. प्रवासाला मोकळे आयन कमी उरतात, म्हणून बॅटरी लवकर संपते. आणि आयनांची वाट अडते, म्हणजेच बॅटरीचा आतला विरोध वाढतो.

वहिनींचा टॅब पंचवीस टक्क्यांवर का बंद पडत होता, ते या दुसऱ्या परिणामात दडलं आहे. व्हिडिओ सुरू करताना टॅब अचानक जास्त वीज मागतो. वाट अडलेली बॅटरी ती पटकन देऊ शकत नाही, तिचा दाब क्षणभर खाली घसरतो, आणि आतलं सर्किट सुरक्षेसाठी सगळं बंद करून टाकतं. चौथ्या मजल्यावरच्या टाकीत पाणी आहे, पण पाइप क्षारांनी अरुंद झालाय. एकाच वेळी दोन नळ सोडले की धार तुटते. टाकी रिकामी नसते, तरी पाणी येत नाही.

हे टाळण्यासाठी काही यंत्रं थकलेल्या बॅटरीबरोबर स्वतःचा वेगच कमी करतात. ॲपलने जुन्या आयफोनच्या काही मॉडेलांबाबत २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे मान्य केलं आणि पुढे कमी दरात बॅटऱ्या बदलून दिल्या. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं, की 'फोन मंद झाला' याचा अर्थ कधीकधी 'बॅटरी थकली' एवढाच असतो.

बॅटरीचं आयुष्य चक्रांत मोजतात. शंभर टक्के वापर झाला की एक चक्र. आज पन्नास टक्के वापरली आणि उद्या पन्नास, तर दोन दिवस मिळून एकच चक्र. आयपॅडच्या बॅटऱ्या हजार पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बनवल्याचं ॲपल सांगते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या टॅबना ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवणं कायद्यानेच बंधनकारक झालं आहे. ऑनलाइन शाळेच्या दिवसांत रोज एक चक्र सहज व्हायचं. त्या दोन वर्षांतच वहिनींच्या टॅबने आपलं बरंचसं आयुष्य खर्चून टाकलं होतं.

साय जाड होण्याचा वेग दोन गोष्टींनी वाढतो. एक उष्णता, दुसरी बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवणं. उन्हातल्या खिडकीत चार्जिंगला लावलेला टॅब दोन्ही बाजूंनी मार खातो. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधे ठेवलेली बॅटरी जास्त वर्षं साथ देते.

एक इशारा मनापासून देतो. टॅबची पाठ फुगलेली दिसली, पडदा एका कडेने उचलला गेला, तर तो त्याच क्षणी बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. बॅटरीत वायू साठलेला असतो. तिला दाबणं, टोचणं म्हणजे आगीला आमंत्रण.

साठवण: पुसायची पाटी

आता दुसरा संशयित. फोटो, व्हिडिओ आणि ॲप जिथे राहतात त्या साठवणीच्या चिपला फ्लॅश म्हणतात. तिची एक विचित्र खोड आहे. तिच्यावर लिहिता येतं लहान लहान तुकड्यांत, पण पुसायचं झालं तर अख्खा मोठा गट एकदम पुसावा लागतो.

एक मोठी पाटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर वीस ओळी लिहिल्यात. एक ओळ बदलायची आहे, पण ओलं फडकं असं, की फिरवलं तर सगळी पाटी पुसली जाणार. मग काय करायचं? कामाच्या एकोणीस ओळी आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या, विसावी नवी लिहायची, मग जुनी पाटी पुसून ठेवायची. टॅब हे काम आपल्या नकळत करत असतो. जवळ कोऱ्या पाट्या भरपूर असल्या तर ते निवांत उरकतं. साठवण काठोकाठ भरली असेल, तर प्रत्येक लहानशा नोंदीसाठी आधी पाटी शोधा, रिकामी करा, पुसा, मग लिहा, अशी धावपळ चालते. त्या धावपळीत पडदा गोठल्यासारखा दिसतो.

वहिनींच्या टॅबची साठवण ३२ जीबी. त्यात रिकामी जागा किती होती? ६०० एमबी, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. उघडून पाहिलं तर चौथी-पाचवीचे शाळेचे व्हिडिओ, दोनदोनदा उतरवलेल्या पीडीएफ, आणि नातेवाइकांच्या गटातल्या सहा वर्षांच्या शुभेच्छा.

एक साधा नियम पाळावा: साठवणीतली निदान दहा-पंधरा टक्के जागा नेहमी रिकामी असावी. वहिनींच्या मुलाने आणि मी मिळून तासाभरात अकरा जीबी मोकळी केली, टॅब बंद करून पुन्हा सुरू केला. दोन मिनिटांचं ॲप पंधरा-वीस सेकंदांत उघडू लागलं. पैसा एकही लागला नाही.

फ्लॅशच्या जातीतही फरक असतो. स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी नावाची चिप असते. तिच्यात एका वेळी एकतर वाचता येतं किंवा लिहिता येतं. एका गाडीपुरत्या अरुंद पुलासारखी ती असते, समोरची गाडी येईपर्यंत आपण थांबायचं. महाग टॅबमधली यूएफएस चिप दुपदरी असते, तिथे येणं-जाणं एकदम चालतं. नवा टॅब घेताना पुठ्ठ्यावरचे चकचकीत आकडे वाचण्याऐवजी दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारा.

रॅम: ओटा तेवढाच, पसारा वाढला

साठवण म्हणजे माळा, तर रॅम म्हणजे ओटा. माळ्यावर कितीही सामान मावू दे, स्वयंपाक ओट्यावरच होतो. ओट्यावर जागा संपली की एक परात उचलून खाली ठेवावी लागते, दुसरी वर घ्यावी लागते. दोन ॲपांमध्ये ये-जा करताना पहिलं ॲप दर वेळी नव्याने सुरू होतं, त्याचं कारण हेच. ओट्यावर जागा नव्हती, म्हणून टॅबने ते खाली उतरवलं होतं.

टॅबचा ओटा आकसत नाही. ॲप मात्र दरवर्षी फुगतात. २०१० च्या एप्रिलमध्ये पहिला आयपॅड विक्रीला आला, तेव्हा त्याची रॅम अवघी २५६ एमबी होती आणि त्या काळच्या कामाला ती पुरत होती. २०२० मध्ये ३ जीबीचा ओटा ठीक होता, आज त्यावर अभ्यासाचं एखादं मोठं ॲप आणि ब्राउझर एकत्र मांडले की गर्दी होते.

आणि बहुतेक टॅबमध्ये रॅम मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. घरचा ओटा वाढवून घेता येतो, टॅबचा येत नाही. त्यामुळे साठवण रिकामी आहे, बॅटरी ठीक आहे, आणि तरी रोजच्या कामाची दोन ॲप एकत्र चालत नाहीत, असं झालं तर नव्या टॅबचा विचार रास्त आहे. नवा घेतानाही रॅमच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. नंतर पश्चात्ताप याच जागी होतो.

बाहेरचा संशयित: सत्तावीस वायफाय

काशीगावात जिथे शेतं होती तिथे आता टॉवर आहेत, शेजारून मेट्रोचा मार्ग गेलाय, आणि एकेका मजल्यावर चार-सहा घरं. वहिनींच्या दिवाणखान्यात उभं राहून मी टॅबमध्ये दिसणारी वायफायची नावं मोजली. सत्तावीस निघाली.

वायफाय दोन मुख्य पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ च्या पट्ट्यात एकमेकींना धक्का न देणाऱ्या मार्गिका तीनच आहेत: १, ६ आणि ११ क्रमांकाच्या. काशिमिरा नाक्यावर हायवे आणि मीरा-भाईंदर रस्ता एकत्र येतात, तिथे संध्याकाळी सात वाजता काय होतं ते आपण रोज पाहतो. सत्तावीस घरांचे संदेश तीन मार्गिकांतून जायला निघाले, की तसंच होतं. प्रत्येक राउटर वाट मोकळी होण्याची वाट पाहतो, आणि आपल्याला वाटतं टॅब अडकला.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्गिका बऱ्याच जास्त. त्या लहरी भिंतीतून कमी पार जातात ही त्यांची मर्यादा, पण टॉवरमध्ये तोच फायदा ठरतो, कारण शेजाऱ्यांच्या लहरीही आपल्यापर्यंत कमी पोचतात. वहिनींचा राउटर दोन्ही पट्टे देत होता. टॅब मात्र २०२० मध्ये जोडलेल्या २.४ च्या नावालाच धरून बसला होता. नाव बदलून जोडला आणि व्हिडिओ अडखळायचा थांबला.

दोष टॅबचा की वायफायचा, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. टॅबमध्ये आधीच उतरवलेला एखादा व्हिडिओ चालवून बघा. तो सुरळीत चालला आणि इंटरनेटवरचाच अडखळला, तर गुन्हेगार बहुधा टॅब नाही.

सॉफ्टवेअर: सिलिंडरवरची तारीख

रॅम सोडली, तर आतापर्यंतचे दोष घरी किंवा दुरुस्तीच्या दुकानात आटोक्यात येतात. चौथ्या गोष्टीवर मात्र आपला हात चालत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर, वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'बी-२७' असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे वर्षाची तिमाही, आकडा म्हणजे वर्ष. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत उलटली तरी शेगडी पेटते, भात शिजतो. पण आतून तो सुरक्षित असल्याची हमी आता कोणी देत नाही.

टॅबच्या सॉफ्टवेअरचं तसंच आहे. त्यात सुरक्षेच्या फटी सापडत राहतात, आणि कंपनी त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या काही वर्षं पाठवते. मुदत संपली की दुरुस्त्या थांबतात. टॅब चालू राहतो, पण नव्याने सापडलेल्या फटी उघड्याच राहतात, आणि त्या कुठे आहेत हे चोरांना जाहीरपणे कळलेलं असतं. अभ्यासाचे व्हिडिओ बघायला यात मोठा धोका नाही. बँकेचं ॲप आणि यूपीआय असलेल्या टॅबसाठी धोका मोठा आहे.

मुदतीनंतर आणखी एक गोष्ट घडते. संकेतस्थळं आपली ओळख पटवायला डिजिटल प्रमाणपत्र दाखवतात. कोणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा याची यादी टॅबमध्ये असते, आणि त्या शिक्क्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असा एक मोठा शिक्का संपला. त्याच्या जागी आलेला नवा शिक्का ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला माहीतच नव्हता. त्याआधीच्या वर्षी जगातली सुमारे एक तृतीयांश अँड्रॉइड यंत्रं इतकी जुनी होती. त्यांच्यासाठी तात्पुरती सोय करावी लागली, तीही २०२४ मध्ये संपली. सोसायटीच्या रखवालदाराकडे जुनीच यादी असेल, तर नवा भाडेकरू खरा असूनही फाटकाबाहेर राहतो. जुन्या टॅबवर चांगली संकेतस्थळं 'असुरक्षित' म्हणून अडतात, त्याचं हे एक कारण.

सॉफ्टवेअरची मुदत टॅबच्या मॉडेलच्या जन्मापासून धावते, आपण विकत घेतो त्या दिवसापासून नाही. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आणलं. त्यात २०१९ चा सातव्या पिढीचा साधा आयपॅड वगळला गेला आणि २०२० चा आठव्या पिढीचा राहिला. २०२० च्या उन्हाळ्यात सातव्या पिढीचा आयपॅड घेतलेला माणूस आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत आठव्या पिढीचा घेतलेला माणूस, दोघांच्या पावत्यांत काही महिन्यांचंच अंतर. तरी एक आत, एक बाहेर. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भरघोस सूट असलेला टॅब दिसला, की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे मॉडेल निघालं कधी?

काही कंपन्या महाग मॉडेलना सात वर्षांपर्यंत दुरुस्त्या देण्याचं आश्वासन देतात, स्वस्त मॉडेलना मुदत बरीच कमी असते. युरोपात त्याच २०२५ च्या नियमाने मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर आणि सात वर्षं सुटे भाग देणं सक्तीचं झालं आहे. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एकत्र पाहता येते. मुदतीची सक्ती मात्र आपल्याकडेही यायला हवी. शाळेसाठी टॅब घेणाऱ्या घराला तिची गरज सर्वांत जास्त आहे.

आपल्या टॅबची तारीख बघायला सेटिंग्जमध्ये शेवटी 'अबाउट टॅबलेट' असतं, तिथे 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' शोधा. वहिनींच्या टॅबवर ती होती ऑगस्ट २०२३.

नव्यात खरंच जास्त काय मिळतं?

नवा टॅब वेगवान असतो, पण तो वेग आपल्या कामाला लागतो का, हा खरा प्रश्न. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती वाचायला किंवा शिकवणीचा व्हिडिओ बघायला सहा वर्षांपूर्वीची मध्यम चिपही पुरते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो की १२० वेळा, हे बोटाने सरकवताना जाणवतं, भूमितीचं प्रमेय वाचताना नाही. याउलट काम बदललं असेल तर फरक मोठा पडतो. पेनने चित्रं काढायची आहेत, व्हिडिओ जोडायचे आहेत, तासन्‌तास हाताने लिहून गणितं सोडवायची आहेत, तर दाब ओळखणारं पेन, मोठी रॅम आणि वेगवान चिप यांना दिलेले पैसे वसूल होतात.

टॅब आणि शिक्षण यांचा आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' टॅबचं मोठ्या आशेने अनावरण झालं. त्यात ३६६ मेगाहर्ट्झची चिप आणि २५६ एमबी रॅम होती, आणि पडदा बोटाने दाबावा लागायचा. ज्या कामासाठी तो होता त्याला तो पहिल्या दिवसापासूनच अपुरा होता. फार स्वस्त यंत्र जन्मतःच जुनं असू शकतं, हा त्याचा धडा. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली. अशा वेळी यंत्र धडधाकट असलं तरी आतला मजकूर नवा भरावा लागतो, नाहीतर ते निरुपयोगी ठरतं. टॅबचं मोल शेवटी त्यातून होणाऱ्या कामात असतं.

हिशोब वर्षाचा करा

किंमत पाहताना एकूण आकड्याऐवजी दर वर्षाचा खर्च काढावा. समजा, नव्या मॉडेलचा टॅब २४,००० रुपयांना आहे आणि त्याची सॉफ्टवेअरची चार वर्षं बाकी आहेत. वर्षाला ६,००० पडले. शेजारी सेलमध्ये जुनं मॉडेल १६,००० ला आहे, पण त्याची दोनच वर्षं उरलीत. वर्षाला ८,०००. स्वस्त दिसणारा टॅब महाग निघाला. आता घरातल्याच टॅबची बॅटरी ३,००० रुपयांत बदलून तो दोन वर्षं चालला, तर वर्षाला १,५००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानातले घालून बघा, निर्णय कागदावर दिसेल.

बॅटरी बदलताना तिच्यावर बीआयएसची खूण बघून घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. पडदा गरम करून, डिंक सोडवून टॅब उघडावा लागतो, म्हणून हे काम सरावाच्या हातानेच करावं. कंपनीचं सेवा केंद्र पहिलं, नाहीतर मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच.

वापरलेला टॅब घेत असाल तर दोन गोष्टी तपासा. आधीच्या मालकाने आपलं गुगल किंवा ॲपल खातं त्यातून काढलेलं हवं. नाहीतर टॅब पूर्ण पुसल्यावरही तो त्याच खात्याचा पासवर्ड मागत राहील. आणि सिमवाला टॅब असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर घालून तो चोरीचा नाही ना, याची खात्री करा. आपला जुना टॅब देतानाही आधी खातं काढा, मग आतलं सगळं पुसा. तो कचऱ्याच्या डब्यात कधीच टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत पोचवायची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

वहिनींनी काय केलं?

साठवण मोकळी झाली, वायफाय बदललं, तेव्हा निम्मं दुखणं त्याच संध्याकाळी गेलं. बॅटरी पुढच्या रविवारी बदलून झाली. सॉफ्टवेअरची मुदत मात्र संपलेलीच आहे, त्याला इलाज नाही. म्हणून त्यातलं बँकेचं ॲप काढून फक्त दादांच्या फोनवर ठेवलं. टॅब आता अभ्यासापुरता आहे, आणि दहावीची परीक्षा तो निभावून नेईल.

त्यानंतर मुलाने विज्ञान शाखा घेतली, तर नवा टॅब लागेलच. तेव्हाही आधी नागपूरच्या महाज्योती संस्थेची योजना बघायला मी सांगितलंय. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पात्र मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ही संस्था टॅब आणि इंटरनेट देते.

परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टॅब टेबलावर पालथा ठेवलेला होता. मागच्या बाजूला मुलाने पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनने दोन ओळी लिहिल्या होत्या: 'सॉफ्टवेअर – ऑगस्ट २०२३ पर्यंत. बॅटरी नवी – जून २०२६.' सिलिंडरवर असते तशी तारीख. कंपनीने छापली नव्हती, म्हणून त्याने स्वतः लिहिली.

चौकट: नवा टॅब घेण्याआधी

• आधी साठवण बघा. निदान दहा-पंधरा टक्के जागा रिकामी करा, टॅब पुन्हा सुरू करा.
• उतरवलेला व्हिडिओ चालवा. तो नीट चालला तर दोष वायफायचा असू शकतो. ५ गिगाहर्ट्झवर जोडून बघा.
• बॅटरी लवकर संपते किंवा मधेच बंद पडते? बॅटरी बदला. टॅब फुगला असेल तर वापर त्या क्षणी थांबवा.
• सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख बघा. मुदत संपली असेल तर बँक आणि यूपीआय त्यावर ठेवू नका.
• नवा घ्यावा: मुदत संपलीय आणि पैशाचे व्यवहार टॅबवरच करायचे आहेत, रॅम अपुरी पडतेय, किंवा काम बदललंय, तेव्हा.
• घेताना विचारा: मॉडेल कधी निघालं? दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? रॅम किती, आणि साठवण ईएमएमसी की यूएफएस?
• किंमत भागिले उरलेली वर्षं. जिथे उत्तर कमी, तो टॅब खरा स्वस्त.